स्वच्छ हवेचा नफा कोणाच्या खात्यात जमा होतो?

पाऊलवाट (धागाकर्ता)

शहरातील प्रदूषण कमी करण्याच्या उपायांचा हिशेब बहुधा दोनच रकान्यांत मांडला जातो. एका रकान्यात उपायांवर झालेला खर्च असतो आणि दुसऱ्यात टळलेले आजार, वाढलेले आयुर्मान आणि न बुडालेले कामाचे दिवस असतात. जमिनीच्या किमतीचा तिसरा रकाना या हिशेबात क्वचितच दिसतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसाला मात्र सर्वांत आधी तोच जाणवतो, म्हणून हा धागा त्या रकान्याविषयी आहे.

मूळ विचार जुना आहे. सुपीक जमिनीतून निघणारे जादा उत्पन्न कसणाऱ्याकडे न राहता खंडाच्या रूपाने जमीनमालकाकडे जाते, हे डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली मांडले. फॉन थ्यूनेनने १८२६ साली सुपीकतेच्या जागी बाजारपेठेपासूनचे अंतर धरले आणि १९६४ साली विल्यम अलोन्सोने तेच गणित आधुनिक शहराला लावून दाखवले. कामाच्या ठिकाणाजवळ राहिल्याने प्रवासाचा जो खर्च वाचतो तो राहणाऱ्याच्या खिशात टिकत नाही, कारण त्याच जागेवर इतरांचाही डोळा असतो आणि चढाओढीत भाडे वाचलेल्या खर्चाच्या आसपास जाऊन पोहोचते. अंतराच्या जागी हवा, शांतता, झाडांची सावली किंवा पूर न येण्याची खात्री घातली तरी गणित तेच राहते. जागा हलवता येत नाही, म्हणून तिच्या आसपास जे चांगले घडते ते तिच्या किमतीत मुरते.

समजा, एखाद्या रस्त्यावरून रात्रंदिवस अवजड वाहने जात होती आणि ती आता दुसरीकडे वळवण्यात आली आहेत. पहिले काही महिने त्या रस्त्यावरच्या भाडेकरूचा निव्वळ फायदा आहे. भाडे जुन्या कराराप्रमाणेच जाते, खिडकी उघडी ठेवता येते, गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसत नाही. करार संपेपर्यंत मात्र ही गोष्ट घरमालकाच्या, दलालाच्या आणि घर शोधणाऱ्या प्रत्येकाच्या लक्षात आलेली असते. नूतनीकरणाच्या वेळी भाडेकरूपुढे दोन वाटा उरतात : वाढीव भाडे भरून तीच हवा विकत घ्यायची, किंवा सामान बांधून पूर्वीच्या रस्त्यासारख्याच दुसऱ्या एखाद्या रस्त्यावर जायचे. तो गेला तर त्याच्या जागी येणारे कुटुंब बहुधा अधिक मिळकतीचे आणि आधीपासूनच बऱ्या प्रकृतीचे असते. पुढे कोणी त्या भागाची आरोग्य पाहणी केली, तर परिस्थिती सुधारल्याचे दिसते. त्या सुधारणेतला किती भाग हवेमुळे आला आणि किती माणसे बदलल्यामुळे, हे त्या पाहणीतून कळत नाही.

याला आकड्यांचाही आधार आहे. सेंट लुईस शहरातील घरांच्या किमती आणि हवेतील प्रदूषण यांचा संबंध रिडकर आणि हेनिंग यांनी १९६७ सालीच तपासला होता. केनेथ चे आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी २००५ साली अमेरिकेतील १९७० च्या दशकाचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्वच्छ हवा कायद्यानुसार ज्या काउंट्यांमध्ये (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागांमध्ये) हवेतील धूलिकण मर्यादेपेक्षा अधिक ठरले आणि म्हणून तेथील कारखान्यांवर कडक निर्बंध आले, तेथील घरांच्या एकूण मूल्यात त्या दशकात सुमारे ४५ अब्ज डॉलरची वाढ झाली, असा त्यांचा अंदाज आहे. अर्थशास्त्रज्ञ या आकड्याकडे लोकांनी स्वच्छ हवेला दिलेले मोल म्हणून पाहतात, आणि त्यांच्या चौकटीत ते बरोबरही आहे. पण ज्याच्या नावावर घर नाही त्याला हाच आकडा भाडेवाढीची सूचना म्हणून हातात पडतो.

दक्षिण कोरियातील सोल शहराच्या छॉन्गेछॉन ओढ्याचे उदाहरण जगभर दिले जाते. ओढ्यावरचा उन्नत महामार्ग २००३ पासून पाडण्यात आला आणि २००५ साली सुमारे ६ किलोमीटर लांबीचा प्रवाह पुन्हा उघडा झाला. उन्हाळ्यात ओढ्याकाठचे तापमान शेजारच्या रस्त्यांपेक्षा काही अंश कमी असते, हे मोजलेले आहे. त्या काठावर हातगाड्या लावणाऱ्या विक्रेत्यांना दोंगदेमुन मैदानात हलवण्यात आले, आणि पुढे काही वर्षांतच ते मैदानही एका भव्य वास्तुप्रकल्पासाठी पाडले गेले. प्रकल्प यशस्वी झाला यात शंका नाही. फक्त तो ज्यांच्या डोळ्यांदेखत सुरू झाला, त्यांतले अनेक जण त्याच्या थंड काठावर उरले नाहीत.

म्हणून शहरे स्वच्छ करू नयेत, असे माझे म्हणणे मुळीच नाही. सार्वजनिक पैशातून निर्माण झालेले मूल्य खाजगी जमिनीत जाऊन बसते, आणि ते परत मिळवण्याची तरतूद पर्यावरणाच्या धोरणात आधीपासूनच असली पाहिजे, एवढेच म्हणणे आहे. हेन्री जॉर्जने १८७९ साली यावर जमिनीच्या मूल्यावरील कर सुचवला होता. आज त्याचे व्यवहार्य रूप कोणते असावे, यावर मते वाचायला आवडतील.

मोजपट्टी

लेख आवडला; परंतु आसपास जे चांगले घडते ते जमिनीच्या किमतीत मुरते, हे विधान फार सरसकट झाले आहे. ते मुरण्यासाठी आधी ते लोकांना कळावे लागते, आणि हवेच्या बाबतीत नेमके तेच घडत नाही.

जॅनेट करी आणि रीड वॉकर यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहावा. अमेरिकेतील काही टोलनाक्यांवर इलेक्ट्रॉनिक वसुली सुरू झाल्यावर गाड्या थांबेनाशा झाल्या. टोलनाक्यावरचा धूर मुख्यत्वे गाडी थांबून उभी राहण्यातून आणि पुन्हा वेग घेण्यातून निघतो. पैसे मोजून फाटक उघडेपर्यंत इंजिन चालूच असते आणि निघताना प्रत्येक चालक पाय दाबतो. हे थांबल्यावर नाक्यापासून २ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मातांमध्ये मुदतपूर्व प्रसूतीचे आणि कमी वजनाच्या बाळांचे प्रमाण, त्याच महामार्गालगत पण नाक्यापासून दूर राहणाऱ्या मातांच्या तुलनेत, १० टक्क्यांहून अधिक घटले. तुमच्या मांडणीप्रमाणे त्या घरांच्या किमती वाढायला हव्या होत्या. प्रत्यक्षात किमतींत तत्काळ काही फरक आढळला नाही आणि तिथे राहणाऱ्या मातांचे स्वरूपही बदलले नाही. हा संपूर्ण लाभ तिथे आधीपासून राहणाऱ्यांनाच मिळाला, कारण तो कोणाच्या लक्षातच आला नव्हता.

उलट दिशेचा पुरावाही आहे. करी आणि वॉकर यांनीच डेव्हिस आणि ग्रीनस्टोन यांच्यासोबत सुमारे १६०० विषारी उत्सर्जन करणाऱ्या कारखान्यांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध केला. कारखाना सुरू झाल्यावर अर्ध्या मैलाच्या आतील घरांच्या किमती सुमारे ११ टक्के उतरल्या. कमी वजनाच्या बाळांचे प्रमाण मात्र एक मैलापर्यंत सुमारे ३ टक्के वाढलेले दिसले. धुराडे जिथून डोळ्यांना दिसते तिथपर्यंतच बाजार घाबरला, असा याचा अर्थ मी लावतो. त्यापुढच्या अर्ध्या मैलातील कुटुंबे पूर्ण भाडे देत होती आणि हानीही सोसत होती.

तेव्हा मुद्दा असा की, उद्यान, ओढा, मोकळा पदपथ अशा डोळ्यांना सुखावणाऱ्या सुधारणा जमीनमालकाकडे जातात, आणि धुरातील न दिसणारे सूक्ष्म कण कमी करणाऱ्या सुधारणा रहिवाशांकडे राहतात. गरिबांच्या हिताचे पर्यावरण धोरण हवे असेल, तर कारंजी थोडी कमी करून डिझेलच्या धुरावर अधिक खर्च करावा. उद्घाटनाला फीत कापायला तिथे काही नसते, ही अडचण आहेच.

उतारा

मोजपट्टी यांच्याशी सहमत. आणखी एक जोड. उद्यानामुळे भाडी वाढली, अशा गोष्टी सांगताना न्यूयॉर्कच्या हाय लाइनचे नाव हमखास येते. १९८० साली शेवटची मालगाडी गेलेला तो उन्नत लोहमार्ग २००९ साली उद्यान म्हणून खुला झाला, हे खरे. पण त्या परिसराचे जमीनवापराचे नियम २००५ सालीच बदलून तिथे उंच निवासी इमारतींना परवानगी देण्यात आली होती. किमतीतील वाढीचा किती भाग रोपांचा आणि किती भाग परवानगीचा, हे वेगळे काढल्याशिवाय उद्यानाला दोषी धरू नये.

पाऊलवाट (धागाकर्ता)

उतारा, परवानगीचा मुद्दा रास्त आहे, पण त्याने माझे म्हणणे अधिकच पक्के होते. जादा बांधकामाची परवानगी हेही सार्वजनिक निर्णयातून आलेले मूल्यच आहे आणि तेही जमिनीतच जाऊन बसले.

मोजपट्टी, न दिसणारा लाभ रहिवाशांकडे राहतो, हे मान्य. पण तो कायमचा न दिसणारा राहील असे गृहीत धरता येत नाही. हवेचे मापन करणारी यंत्रे स्वस्त होत आहेत आणि प्रदूषणाचे नकाशे फोनवर दिसू लागले आहेत. चीनने २०१३ पासून टप्प्याटप्प्याने शहरोशहरीचे प्रदूषणाचे ताजे आकडे जाहीर करायला सुरुवात केल्यावर तेथील लोकांनी बाहेर पडण्याच्या वेळा आणि खरेदीच्या सवयी बदलल्या. ही माहिती जीव वाचवते, म्हणून ती दडवून ठेवा असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या दिवशी घराच्या जाहिरातीत खोल्यांच्या संख्येखाली हवेचा निर्देशांक छापला जाईल, त्या दिवसापासून टोलनाक्याशेजारच्या आईला मिळालेला लाभ भाड्यात धरला जाऊ लागेल.

भाडेकरूंवर सगळाच भार पडतो असेही नाही. अमेरिकेतील स्वच्छ हवा कायद्यात १९९० साली झालेल्या दुरुस्तीनंतरच्या काळाचा कॉर्बेट ग्रेंजर यांनी अभ्यास केला. त्यात भाड्यांतील वाढ मालकांच्या घरांच्या किमतीतील वाढीच्या साधारण निम्मी आढळली. म्हणजे हवेच्या लाभातला काही वाटा भाडेकरूकडे उरतो. हा वाटा कशावर ठरतो, यात मला अधिक रस आहे : कराराची मुदत, स्थलांतराचा खर्च आणि जवळपास रिकाम्या घरांचे प्रमाण, अशी तीन कारणे मला दिसतात.

निरंजनी

चर्चा घराभोवती फिरते आहे, म्हणून प्रवासाची बाजू मांडते. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, कारण केंद्रातील भाडे ज्याला परवडत नाही तो माणूस वाचलेले भाडे इंधनात आणि वेळेत भरत असतो.

फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये पिवळ्या जाकिटांचे आंदोलन पेटले ते इंधनावरील नियोजित करवाढीवरून. कर कार्बनवर होता आणि अर्थशास्त्रज्ञ पिगूने १९२० साली मांडलेल्या तत्त्वाला धरून होता : जो हानी करतो त्याने तिची किंमत मोजावी. रस्त्यावर उतरलेल्यांत मोठ्या शहरांच्या भोवतालच्या विरळ वस्तीतले, गाडीवाचून कामाला पोहोचू न शकणारे लोक मोठ्या संख्येने होते. त्यांनी गाडीचे आयुष्य हौसेने निवडले नव्हते. घरांच्या किमतींनी त्यांना त्या अंतरावर नेऊन ठेवले होते आणि आता त्या अंतरावर कर लागणार होता. डिसेंबरमध्ये सरकारने ती वाढ मागे घेतली. कर चुकीचा होता असे मला वाटत नाही. त्यातून आलेला पैसा आपल्याकडे परत येताना कोणाला दिसला नाही, आणि तिथेच तो फसला. स्वित्झर्लंडमध्ये तापवण्याच्या इंधनावरील कार्बन अधिभाराचा सुमारे दोन तृतीयांश भाग नागरिकांना आणि उद्योगांना परत दिला जातो, आणि नागरिकांचा वाटा आरोग्य विम्याच्या हप्त्यातून वजा होतो. पद्धत चांगली आहे, मात्र विम्याच्या बिलावरची ती ओळ वाचतो कोण, हा प्रश्न राहतोच.

वाहतूक कोंडीवरील शुल्काविषयीही असेच म्हणता येते. सिंगापूरने १९७५ साली, लंडनने फेब्रुवारी २००३ मध्ये दिवसाला ५ पौंड आकारून आणि न्यूयॉर्कने जानेवारी २०२५ मध्ये गर्दीच्या वेळी ९ डॉलर आकारून ते लागू केले. यात स्टॉकहोमची कथा सर्वांत बोलकी आहे. तिथे २००६ च्या जानेवारी ते जुलै या काळात प्रयोग झाला, शुल्काच्या हद्दीवरील रहदारी सुमारे २० टक्क्यांनी घटली आणि लहान मुलांमधील दम्याच्या तीव्र झटक्यांचे प्रमाण कमी झाल्याचे नंतरच्या अभ्यासातून दिसले. आधी विरोधात असलेले जनमत प्रयोगानंतर फिरले, सप्टेंबरमधील सार्वमतात शहराने थोड्या फरकाने शुल्काच्या बाजूने कौल दिला आणि २००७ पासून शुल्क कायम झाले. शुल्क भरणाऱ्यांत अधिक मिळकतीचे आणि मध्यवस्तीत राहणारे लोक जास्त होते, म्हणून पैसा बस-रेल्वेवर खर्च झाल्यास हा कर गरिबांच्या हिताचा ठरेल, असा हिशेब मांडला गेला होता. सार्वमताच्या वेळीच सत्ताबदल झाला आणि नव्या सरकारने तो पैसा रस्त्यांच्या बांधकामाकडे वळवला. म्हणजे गाड्या कमी करण्यासाठी घेतलेले शुल्क गाड्यांसाठी रस्ते बांधायला गेले. रस्ते वाढवले की वाहनांची धाव जवळजवळ त्याच प्रमाणात वाढते, हे ड्युरांटन आणि टर्नर यांनी अमेरिकी शहरांच्या आकडेवारीतून २०११ साली दाखवल्यानंतर अशा खर्चाचे समर्थन करणे कठीण आहे.

दक्षिणायन

धागाकर्त्यांच्या मांडणीत एक गोष्ट मला खटकते. हवा सुधारली की किंमत वाढते, माणसे बदलतात, हे चक्र जणू आपोआप आणि थोड्याच वर्षांत पूर्ण होते, असे त्यात गृहीत धरले आहे. इतिहास तसे सांगत नाही.

इंग्लंडच्या जुन्या औद्योगिक शहरांत पूर्वेकडचा भाग गरीब आणि पश्चिमेकडचा संपन्न, असे चित्र वारंवार दिसते. हेब्लिख, ट्रू आणि झिल्बरबर्ग यांनी २०२१ साली सुमारे ७० शहरांचा अभ्यास करून दाखवले की, यामागे एकोणिसाव्या शतकातील कोळशाचा धूर आहे. तिथे वारे मुख्यतः पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे गिरण्यांच्या धुराड्यांचा धूर पूर्वेकडच्या घरांवर उतरत असे. ज्यांना परवडले ते पश्चिमेला गेले आणि ज्यांना परवडले नाही ते पूर्वेला राहिले. लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये धुरक्याने हजारो बळी घेतल्यानंतर १९५६ साली स्वच्छ हवा कायदा आला आणि पुढील काही दशकांत कोळशाचा धूर जवळजवळ नाहीसा झाला. किमतीचे चक्र आपोआप फिरत असते, तर पूर्वेकडचे भाग तेव्हाच सावरायला हवे होते. अनेक शहरांत ते सावरले नाहीत. धूर गेला तरी शाळा, घरांचा दर्जा, दुकाने, शेजार आणि त्या पत्त्याची बदनामी हे सगळे मागे राहिले होते, आणि नवे येणारे लोक हवेपेक्षा त्याकडेच पाहून घर निवडत होते.

अमेरिकेत १९३० च्या दशकात गृहकर्जासाठी धोकादायक म्हणून नकाशावर लाल रंगवलेल्या वस्त्यांचेही असेच आहे. २०२० साली १०८ शहरांचे उपग्रह-तापमान तपासले गेले, तेव्हा त्यांपैकी ९४ टक्के शहरांत त्या जुन्या लाल वस्त्या इतर भागांपेक्षा अधिक तापलेल्या आढळल्या आणि सरासरी फरक २.६ अंश सेल्सिअस होता. झाडे कमी आणि डांबर जास्त, हे तत्काळ कारण आहे. कर्ज नाही म्हणून गुंतवणूक नाही, गुंतवणूक नाही म्हणून झाडे नाहीत, आणि ज्यांच्याकडे वातानुकूलन यंत्र आहे ते आपली खोली गार करून तिची उष्णता त्याच गल्लीत सोडतात. तिथे पंख्याखाली झोपणाऱ्याने या उष्णतेबद्दल कोणाकडे भरपाई मागायची?

माझ्या दृष्टीने भाडेवाढ होऊन हुसकावले जाण्याइतकाच, कधीच किंमत न वाढणाऱ्या भागात अडकून पडणे हाही पर्यावरणीय अन्याय आहे, आणि त्यावर जमिनीवरील कर हा उपाय नाही.

पाऊलवाट (धागाकर्ता)

दक्षिणायन, पूर्वेकडच्या वस्त्यांचा मुद्दा मोलाचा आहे. मी त्यातून असे घेईन की, हवा ही पुष्कळ गुणांपैकी एक आहे आणि बाकीचे गुण पडलेले असतील तर ती एकटी किंमत उचलू शकत नाही. मात्र जिथे हवेबरोबर रेल्वे, शाळा आणि बांधकामाची परवानगी एकदम येते, तिथे ती उचल फार वेगाने होते, आणि धोरणाची खरी परीक्षा तिथे असते.

मोजपट्टी

मग उपायांकडे येऊ. जमीनमूल्य करात एक अडचण आहे, जिच्याकडे त्याचे समर्थक नेहमी काणाडोळा करतात. वाढीचा नफा सुधारणा पूर्ण होण्याच्या दिवशी मिळत नाही. घोषणेच्या दिवशी मिळतो. घोषणेनंतर वाढीव किमतीला घर घेणाऱ्याने तो नफा आधीच्या मालकाला देऊन टाकलेला असतो. त्याच्यावर नंतर कर लावणे म्हणजे ज्याने काहीच कमावले नाही त्याच्याकडून वसुली करणे.

लंडनच्या एलिझाबेथ रेल्वेमार्गाकडे पाहा. त्याचा कायदा २००८ साली झाला, मोठ्या व्यावसायिक मालमत्तांवर त्यासाठीचा अधिभार २०१० पासून आणि नव्या बांधकामांवरचा आकार २०१२ पासून सुरू झाला, तर मध्यवर्ती मार्ग मे २०२२ मध्ये खुला झाला. वसुली उद्घाटनाच्या एक तप आधी सुरू झाली, हे कौतुकास्पद आहे. पण स्थानकांजवळच्या जुन्या निवासी घरांच्या मालकांना या दोन्हींतून वगळले गेले.

निरंजनी

व्हिएन्नाचा मार्ग वेगळा आहे. तिथे नगरपालिकेच्या मालकीची सुमारे २,२०,००० घरे आहेत, आणि अनुदानित घरे धरल्यास शहरातील जवळजवळ निम्मे लोक अशा घरांत राहतात. त्यांचे भाडे बाजारातील बोलीवर ठरत नसल्यामुळे शेजारी उद्यान झाले तरी घर सोडावे लागत नाही. उणीव अशी की, शहरात नव्याने आलेल्याला आधी काही काळ वास्तव्य सिद्ध करावे लागते, तोवर तो बाजारातल्या भाड्यानेच राहतो.

पाऊलवाट (धागाकर्ता)

मोजपट्टी, घोषणेची अडचण कर बंद असताना तो एकदम लावला तर येते. कर आधीपासून चालू असेल आणि मूल्यांकन दरवर्षी होत असेल, तर घोषणेच्या वर्षी जो मालक असतो त्याचेच देयक वाढते आणि नंतर घेणारा त्या वाढीव कराचा विचार करूनच किंमत देतो. अडते ते मूल्यांकनात. पिट्सबर्गने १९१३ पासून जमिनीवर इमारतीपेक्षा अधिक दराने कर लावला आणि ती पद्धत सुमारे ९० वर्षे चालवली. २००१ च्या सुमारास काउंटीने बऱ्याच वर्षांनी फेरमूल्यांकन केले, जमिनींची मूल्ये एकदम चढली, घरमालकांच्या हाती अनपेक्षित देयके पडली आणि त्या गदारोळात शहराने ती पद्धतच सोडून दिली. त्यामुळे हवा, झाडे किंवा रेल्वे यांपैकी कशावरही खर्च करण्यापूर्वी, त्या भागातील जमिनींचे मूल्य दरवर्षी नव्याने नोंदवणारी आणि कोणालाही तपासता येणारी नोंदवही तयार आहे का, हे मी प्रथम विचारीन.